धूर दिसेना, बिघाड सापडेना: बीएस-६ ट्रक वाटेतच हळू का पडतो?

खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात कधीकधी एखादा चांगला नवा ट्रक चारही इंडिकेटर लावून रखडत चाललेला दिसतो. वेग ताशी वीस. मागे गाड्यांची रांग आणि हॉर्नचा कालवा. टायर शाबूत, इंजिनाचा आवाज स्वच्छ, सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नाही. मागच्या कारवाल्याला वाटतं ओव्हरलोड असेल, किंवा ड्रायव्हर झोपेत असेल. ड्रायव्हर टक्क जागा असतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला असतो, आणि अॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी हूं की चूं करत नाही. या वेगापलीकडे जायचं नाही, असं गाडीनंच ठरवलेलं असतं.

१ एप्रिल २०२० पासून देशभर फक्त बीएस-६, म्हणजे धुरावरच्या भारत स्टेज-६ नियमात बसणाऱ्या, गाड्यांची नोंदणी सुरू झाली आणि हा प्रकार आमच्या गॅरेजच्या पाचवीला पुजला गेला. मी कळंबोली ते न्हावा शेवा पट्ट्यात फ्लीटच्या गाड्यांचं काम करतो. फ्लीट म्हणजे एकाच मालकाच्या पंचवीस, पन्नास, शंभर गाड्यांचा ताफा. तिथे एक गाडी दिवसभर उभी राहिली की भाडं बुडतं, कंटेनरचा दंड चढतो, शेठचे फोन सुरू होतात. त्या घाईत जे होतं ते ठरलेलं: दिवा पेटला, कुणीतरी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, स्कॅनरनं ज्या सेन्सरचं नाव दाखवलं तो बदलला, बिल पाच आकडी झालं आणि आठवड्याभरात दिवा परत पेटला.

माझं म्हणणं असं की दिवा ज्या पार्टकडे बोट दाखवतो, तो पार्ट बहुतेक वेळा निर्दोष असतो. खोट त्याच्या आधी, इंजिनाच्या बाजूला कुठेतरी असते. हे पटायला आधी या गाड्या धुराचं काय करतात ते समजून घ्यावं लागेल.

डिझेलच्या धुरात दोन वेगवेगळी दुखणी

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते, आणि त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. पण त्या क्षणभरात हवा आणि डिझेल सगळीकडे सारखं मिसळत नाही. जिथे डिझेल जास्त आणि हवा कमी, तिथे ते अर्धवट जळतं आणि काजळी तयार होते. जिथे जाळ फार कडक होतो, तिथे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नाही. या नायट्रोजनच्या ऑक्साइडांना आम्ही सरसकट ‘नॉक्स’ म्हणतो. काजळी काळी असते, डोळ्यांना दिसते. नॉक्स दिसत नाही, पण छातीत उतरतो आणि उन्हात त्यापासून ओझोनसारखे आणखी त्रासदायक वायू बनतात.

पंचाईत अशी की ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट्या दिशेला ओढतात. जाळ कडक केला की काजळी घटते आणि नॉक्स वाढतो. जाळ थंड केला की नॉक्स घटतो आणि काजळी वाढते. बीएस-४ पर्यंत इंजिनात थोडंफार इकडेतिकडे करून, काही गाड्यांत धुरावर युरियाचं पाणी फवारून, भागत होतं. मग आपण बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर उडी मारली. अवजड ट्रकच्या नॉक्सची मर्यादा दर किलोवॅट-तासाला साडेतीन ग्रॅम होती, ती ०.४ ग्रॅमच्या आसपास आली. पेट्रोलपंपावरचं डिझेलही बदललं: त्यातलं गंधक दहा लाख भागांत ५० होतं, ते १० झालं. एवढी उडी नुसत्या इंजिनात फेरफार करून मारता येत नाही. म्हणून धूर इंजिनाबाहेर पडल्यावर त्याला धुऊन काढणारी साखळी बसवावी लागली, आणि आमच्या कामातली निम्मी डोकेदुखी याच साखळीतून येते.

पहिला डबा: काजळी अडवणारा

या डब्याला डीपीएफ म्हणतात, म्हणजे डिझेलच्या काजळीचा फिल्टर. आत चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यात शेकडो बारीक लांबट बोगदे. एक बोगदा पुढून बंद, शेजारचा मागून बंद. त्यामुळे धुराला भिंतीतूनच झिरपावं लागतं. वायू निघून जातो, काजळी भिंतीला अडकते.

अडकलेली काजळी जाळावी लागते, नाहीतर डबा तुंबेल. भरलेली गाडी हायवेवर तास-दोन तास सलग धावली की धूर पुरेसा तापतो आणि काजळी आपली आपण जळत राहते, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. तेवढी धाव मिळाली नाही तर इंजिनाचा कॉम्प्युटर थोडं जादा डिझेल सोडून डब्याचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर नेतो आणि काजळी जाळतो. या जाळण्याला ‘रीजन’ म्हणतात. तेही जमलं नाही तर दिवा पेटतो, आणि गाडी बाजूला लावून अर्धा-पाऊण तास बटणानं रीजन द्यावं लागतं. हे करताना गाडी वाळल्या गवतावर, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा उसाच्या पाचटावर उभी करायची नाही. सायलेन्सरच्या तोंडातून येणारी हवा काय करू शकते हे एकदा जवळ हात नेला तरी कळतं.

काजळी जळते, राख मात्र जळत नाही. चुलीतला अर्धवट कोळसा फुंकर घातली की पुन्हा पेटतो, राख कितीही फुंका, ती काढूनच टाकावी लागते. डीपीएफमधली राख येते ती इंजिन ऑइलमधून, त्यातल्या रसायनांच्या जळण्यातून. म्हणून बीएस-६ इंजिनाला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. स्वस्त पडतं म्हणून जुन्या गाड्यांचा ड्रम नव्या गाड्यांनाही लावणारे फ्लीट मी पाहिलेत. ऑइलवर वाचलेले पैसे मग डीपीएफच्या डब्यात जातात, आणि कितीही रीजन दिलं तरी तो डबा हलका होत नाही. उतरवून मशीनवर साफ करावा लागतो.

या डब्याचा खरा शत्रू म्हणजे उभ्या गाडीत चालू ठेवलेलं इंजिन. बंदराच्या गेटवर ट्रेलर तासन् तास रांगेत असतो, पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही सरकायचं, म्हणून इंजिन कुणी बंद करत नाही. धूर कोमट राहतो, काजळी साठत जाते. तोच ट्रेलर नागपूरला जाऊन आला असता तर ही तक्रार झाली नसती. गाडी तीच, कंपनी तीच, रूट वेगळा, आणि मालक विचारतो की त्याच्या मित्राच्या गाड्यांना हा त्रास का होत नाही.

दुसरा डबा: युरियाचा

काजळी गाळल्यावर उरतो नॉक्स. त्यासाठी तापलेल्या धुरात युरियाच्या पाण्याचा फवारा मारतात. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध, क्षार काढलेलं पाणी. याचं कागदावरचं नाव डेफ, ड्रायव्हर मंडळी नुसतं युरिया म्हणतात, मीही तेच म्हणेन. उष्णतेनं युरियाचा अमोनिया होतो, तो पुढच्या डब्यातल्या रसायनाच्या थरावर नॉक्सला भेटतो आणि दोघांचा मिळून साधा नायट्रोजन आणि वाफ बनते. या डब्याच्या आधी आणि नंतर नॉक्स मोजणारे सेन्सर असतात. किती आला आणि किती बाहेर गेला, याचा हिशेब कॉम्प्युटर सतत करतो.

शंभर लिटर डिझेल जळलं की साधारण चार-पाच लिटर युरिया लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग गाडी स्वतःहून हळू का होते?

कारण युरिया संपला तरी इंजिनाला काहीच फरक पडत नाही. गाडी तशीच ओढते, तसंच मायलेज देते, फक्त नॉक्स मोकळा सुटतो आणि तो कुणाला दिसत नाही. मग युरिया विकत कोण घेईल? नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. युरोपच्या युरो-६ नियमांत आणि त्याच धर्तीवरच्या आपल्या नियमांत गाडीलाच पोलीस केलं आहे. युरियाची टाकी तळाला जाऊ लागली, युरिया भेसळीचा निघाला किंवा कुणी यंत्रणेत ढवळाढवळ केली, की आधी दिवा आणि बझर, मग इंजिनाची ताकद साधारण पाव हिश्शानं कमी, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर वेग ताशी वीसवर बांधला जातो. शेवटची पायरी सहसा चालत्या गाडीवर लागू होत नाही, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की लागते. म्हणूनच ढाब्यावर जेवायला थांबेपर्यंत ठीक चाललेली गाडी, ड्रायव्हर हात धुऊन येऊन बसतो तेव्हा अंग चोरते.

इंजिन तापलं, ऑइलचा दाब पडला, तरीही गाडी ताकद कमी करते. तो प्रकार इंजिन वाचवण्यासाठी आहे, त्याची इथे चर्चा नको.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्कॅनर लावला की ट्रकमध्ये दोन आकडे मिळतात. पहिला, एसपीएन, कशाबद्दल तक्रार आहे ते सांगतो. दुसरा, एफएमआय, तक्रार कोणत्या प्रकारची ते सांगतो. एसपीएन ३२५१ म्हणजे डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. ४३६४ म्हणजे युरियाचा डबा पुरेसा नॉक्स मारत नाहीये. ३३६४ म्हणजे युरियाचा दर्जा. दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत, आणि खरी गोम त्यातच असते. एफएमआय ३, ४ किंवा ५ आला तर तक्रार व्होल्टेजची किंवा तुटलेल्या सर्किटची आहे. म्हणजे पार्ट विकत घ्यायच्या आधी वायर, पिन आणि कनेक्टर बघायचे.

आणि नीट बघा, यात कुठेही ‘अमुक पार्ट खराब’ असं म्हटलेलं नाही. कॉम्प्युटरनं एक आकडा अपेक्षेबाहेर पाहिला, एवढंच त्यानं कळवलं. का, ते शोधणं आमचं काम.

एक उदाहरण सांगतो. एका फ्लीटचा ट्रेलर माझ्याकडे आला. दुसरीकडे डीपीएफ दोनदा साफ करून झाला होता, आणि आता नवाच घ्या असा सल्ला मिळाला होता. ड्रायव्हर बीडकडचा, समजूतदार माणूस.

“मिस्त्री, साफ केला की चार दिवस पळती, मग पुन्हा दिवा. डबाच खराब हाय म्हणत्यात.”

“दादा, चढावर गाडी ओढताना काही आवाज येतो का? आधी नव्हता असा?”

“फुस्स असं व्हतं जरा. टर्बोचाच असंल की.”

तो ‘फुस्स’ ऐकला आणि डीपीएफ बाजूला ठेवला. इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या टर्बोकडून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप हातानं चाचपला. वरून धड, पण क्लॅम्पच्या खालच्या अंगाला तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ. दोन्ही तोंडं बंद करून आत कॉम्प्रेसरची हवा भरली, वरून साबणाचं पाणी शिंपडलं, तर खालून बुडबुड्यांची रांग. बोटभर चीर. इंजिन आयडलवर असताना ती मिटलेली असायची, लोडवर टर्बोचा दाब आला की उघडायची. हवा गळून जायची, सिलिंडरला हवा कमी पडायची, डिझेल अर्धवट जळायचं, काजळी वाढायची. चीर लहान होती, म्हणून टर्बोच्या दाबाचा कोड अजून आला नव्हता. डीपीएफ बिचारा दुप्पट माल गाळत होता.

पाइप बदलला, रीजन दिलं, गाडी गेली. पण मला यातली वेगळीच गोष्ट सांगायची आहे. हीच चीर जुन्या बीएस-३ गाडीला पडली असती तर चढावर मागून काळ्या धुराचे लोट निघाले असते. क्लीनरनंही सांगितलं असतं, ‘उस्ताद, गाडी काळं मारतेय’. आमच्या पिढीचे मिस्त्री धूर बघून निदान करायला शिकले. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेलचा फवारा मारणारं नोजल गळतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम इंजिनाला पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. बीएस-६ मध्ये काळा धूर संपलेला नाही, तो डब्यात साठतो. डीपीएफचा दिवा हाच आता काळा धूर आहे. एवढं डोक्यात घेतलं की वारंवार तुंबणाऱ्या डीपीएफसमोर उभं राहून विचारायचा प्रश्न बदलतो: ही काजळी येतेय कुठून?

उत्तरं फार नाहीत. हवेची गळती, गळणारं नोजल, टर्बोच्या सीलमधून जाणारं ऑइल, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप. नोजल तपासायला प्रत्येकाच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावायची आणि इंजिन चालवून कुणाचं डिझेल जास्त परत येतंय ते बघायचं. या साध्या चाचणीत परतीची गळती पकडली जाते. नोजल थेंब टाकत असेल तर ते उतरवून टेस्ट बेंचवरच कळतं. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब १६०० बारच्या वर जातो, तिथे भेसळीच्या डिझेलनं नोजल किती दिवस टिकणार?

आणि एक कारण तर निव्वळ आपल्या सवयीतून आलेलं: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. जुन्या इंजिनाचं त्यानं फारसं बिघडत नव्हतं, निदान लगेच तरी नाही. बीएस-६ मध्ये इंजिन ठरावीक गरम झाल्याशिवाय कॉम्प्युटर रीजन सुरूच होऊ देत नाही. थर्मोस्टॅट नाही, म्हणून इंजिन गार, म्हणून रीजन नाही, म्हणून डीपीएफ तुंबला. आता हजारभर रुपयांचा थर्मोस्टॅट आणि डीपीएफ यांचा संबंध स्कॅनर कसा सांगेल? पाण्याच्या तापमानाचा चालू आकडा बघणारा माणूसच तो लावू शकतो.

एकदम दहा कोड आले तर

दहा पार्ट एकाच दिवशी मरत नाहीत. बॅटरी बघा, मग अर्थिंग. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा सैल आहे. याशिवाय एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर अनेक सेन्सर असतात, त्यातला एक आतून शॉर्ट झाला की बाकीचेही खोटं बोलू लागतात. एकेक प्लग काढत जायचा, कोणता काढल्यावर लाइन परत पाच व्होल्टवर येते ते बघायचं. प्रेशर पंपानं गाडी धुतल्यानंतर दिवे पेटणं आणि उंदरानं वायर कुरतडणं, हे तर रोजचंच.

युरियाची भेसळ

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. ४३६४ चा कोड येतो, मिस्त्री नॉक्स सेन्सर बदलतो, फरक शून्य. माझी पद्धत उलटी आहे: सेन्सर शेवटी. आधी टाकीतला युरिया काचेच्या ग्लासात काढून बघायचा. तो पाण्यासारखा नितळ हवा. मग रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या दुर्बिणीच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायचं. रेघ ३२.५ च्या जवळ हवी. ती बावीस-तेवीसवर दिसली की समजायचं, कुणीतरी पाणी घातलंय. त्यानंतर फवारणीचं इंजेक्टर काढून मोजपात्रावर धरायचं आणि स्कॅनरवरून फवारा मारायचा. धार वाकडी आली, थेंब थेंब आला, तोंडाशी पांढरं कवच धरलेलं असलं, की चोर सापडला.

रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रमाण सांगतो, शुद्धता नाही. शेतीचा युरिया मोजून ३२.५ टक्के विरघळवला तरी रेघ बरोबर जागी येते. आणि हा उद्योग होतो, कारण त्यातला नफा उघड आहे. अनुदानाच्या युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, आणि तिच्यातून हिशेबानं सव्वाशे लिटरच्या वर ‘युरिया’ तयार होतो. पण २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया जवळपास सगळा नीमकोटेड, म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचा हात दिलेला, आहे. ते तेल, त्यातली इतर अशुद्धी आणि बोअरच्या पाण्यातले क्षार, हे सगळं पंपात, बारीक छिद्रात आणि शेवटी त्या महागड्या डब्याच्या थरावर जाऊन बसतं. गढूळ किंवा तेलाचा तवंग असलेला युरिया दिसला तर टाकी रिकामी करून धुवायलाच हवी. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वळवणं गुन्हा आहे, आणि शेतकऱ्याला ऐन हंगामात रांगेत उभं राहावं लागण्यात याही चोरीचा वाटा आहे.

चांगला युरियासुद्धा उन्हात नासतो. तीस अंशांच्या आत ठेवला तर वर्षभर टिकतो, पस्तिशीवर गेला की आयुष्य निम्मं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवलेल्या कॅनचं काय होत असेल, त्याचा अंदाज करा.

आणि युरिया चुकून डिझेलच्या टाकीत गेला तर चावी फिरवू नका. नुसती इग्निशन दिली तरी फीड पंप तो पुढे ढकलू शकतो. आहे तिथेच टाकी उतरवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

“एवढी कटकट, तर हे सगळं काढूनच टाकू ना?”

रोज कुणीतरी विचारतंच. बाजारात ‘डिलीट’ करून देणारे आहेत: आतला ठोकळा फोडून काढतात आणि कॉम्प्युटरमध्ये खोटी फाइल भरतात. कायद्याचं उत्तर सोपं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. पीयूसीला बीएस-६ डिझेलसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा ०.७ आहे, बीएस-४ ला ती १.६२ आहे. खरं सांगायचं तर आपल्या पीयूसीत डिझेल गाडीचा नॉक्स मोजलाच जात नाही, त्यामुळे युरिया बंद केलेली गाडी तिथे पकडली जात नाही. डिलीटवाल्यांचा धंदा याच फटीत चालतो.

पण मिस्त्री म्हणून माझी हरकत वेगळी आहे. डीपीएफ तुंबत होता कारण काजळी जास्त होत होती. डबा काढल्यानं काजळी व्हायची थांबली का? गळणारं नोजल गळतच राहतं, पिस्टनच्या माथ्यावर डिझेल पडत राहतं, ऑइलमध्ये उतरतं. फरक एवढाच की आता सांगणारं कुणी उरलेलं नाही, कारण फाइल भरताना डिलीटवाल्यानं दिव्याचंही तोंड बंद केलेलं असतं. पुढची गाठ हाफ इंजिनच्या, म्हणजे पिस्टन-लायनरच्या कामाच्या, बिलाशी पडते.

आणि धुराचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कॅन्सर करतो, असं निःसंदिग्धपणे नोंदवलं आहे. हा धूर सगळ्यात जास्त कोण खातं? ट्रकच्या मागे दिवसभर उभा राहणारा मिस्त्री आणि केबिनमध्ये झोपणारा ड्रायव्हर. बंद शेडमध्ये जुनी गाडी रेस केल्यावर रात्री नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. नव्या गाड्यांमुळे ते पुष्कळ कमी झालंय, हे त्या गाड्यांना शिव्या घालतानाही मला मान्य करावं लागतं.

“अमेरिकेत तर सूट दिली म्हणे”

ही बातमी अर्धीच फिरतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं कंपन्यांना सांगितलं की युरिया संपला किंवा यंत्रणेत दोष आला तर गाडीची ताकद झटक्यात कमी करू नका, ड्रायव्हरला दुरुस्तीला वेळ मिळेल असं सॉफ्टवेअर द्या. डबे काढा किंवा युरिया घालू नका, असं त्यात नाही. आणि ते आपल्याकडे लागू नाही. मला विचाराल तर मागणी रास्त आहे. घाटात, रात्री, ताशी वीसनं रांगणारा भरलेला ट्रक हा स्वतःच एक धोका आहे, आणि जिथे जवळचं सर्व्हिस सेंटर शंभर-दीडशे किलोमीटरवर असतं तिथे एका खराब कनेक्टरपायी ड्रायव्हरला एवढी शिक्षा नको.

“बाहेरच्या मिस्त्रीला हे झेपतं का?”

बरंचसं झेपतं. सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालणारे स्कॅनर मिळतात, ते कोड वाचतात, चालू आकडे दाखवतात, बहुतेक गाड्यांत रीजनही देतात. नवीन नोजलचा नंबर कॉम्प्युटरला शिकवणं किंवा कॉम्प्युटरच बदलणं, अशा कामांना अजून बऱ्याचदा कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर आमच्याकडे आणूच नका. पण वर सांगितलेल्या चाचण्या पाहा: साबणाचं पाणी, बाटल्या, मल्टिमीटर, ग्लासातला युरिया. यातल्या कशालाच लॅपटॉप लागत नाही. कोणता मिस्त्री चांगला हे ओळखायचं असेल तर तो पार्टची ऑर्डर देण्याआधी किती प्रश्न विचारतो ते बघा.

शेठ आणि ड्रायव्हर, दोघांसाठी

शेठनी प्रत्येक गाडीच्या डिझेलशेजारी युरियाचाही आकडा लिहावा. मघाचं चार-पाच टक्क्यांचं प्रमाण इथे कामाला येतं. एखाद्या गाडीचा युरिया अचानक दोन टक्क्यांवर आला तर ड्रायव्हर काटकसर करतोय असं समजून खूश होऊ नका. एकतर इंजेक्टर तुंबायला लागलंय, नाहीतर कुणीतरी यंत्रणेत हात घातलाय. प्रमाण सात-आठवर गेलं तर गळती शोधा, किंवा कॅन कुठे विकले जातात ते शोधा. रीजनमधलं अंतरही लिहा. आधी आठवड्यानं लागणारं रीजन दर दोन दिवसांनी लागू लागलं, तर दिवा पेटायच्या कितीतरी आधी इंजिन काहीतरी सांगतंय.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केल्या केल्या बॅटरीचा कट-ऑफ पाडू नये. चावी बंद झाल्यावर युरियाचा पंप नळ्यांमधला उरलेला युरिया ओढून परत टाकीत टाकतो. टाकीपाशी काही वेळ घरघर ऐकू येते ती त्याचीच. ती थांबेपर्यंत दोन-चार मिनिटं जाऊ द्यायची. मध्येच कट-ऑफ पाडला तर युरिया नळीत राहतो, सुकतो, त्याचे खडे होतात आणि पंप जाम होतो.

आणि गॅरेजला निघण्याआधी वाटेत कुणाकडून कोड पुसून घेऊ नका. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती होता, हे कॉम्प्युटरनं सोबत टिपून ठेवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं, आणि मग तो बिघाड पुन्हा उमटेपर्यंत मला तुमची भरलेली गाडी घेऊन घाटात फेऱ्या माराव्या लागतात, डिझेल तुमचंच जाळून.